दोन घरं, एक एसी

एका शुक्रवारी मस्कतजवळच्या सीबमधल्या आमच्या घरातला एसी माझी आई पुण्याहून चालवत होती. सुरुवातीला तिला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

झालं असं, की माझे सासरे पहिल्यांदाच मस्कतला आले होते. "जावईबापू नक्की करतात तरी काय?" हा प्रश्न ते माझ्या बायकोला, वीणाला, लग्नापासून विचारत आलेत. मी अल् खुवैरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर इंजिनियर आहे, हे उत्तर त्यांना कधी पटलंच नाही. म्हणून या वेळी मी प्रात्यक्षिकच ठेवलं! हॉलच्या भिंतीवर तापमानाचा सेन्सर लावला. सेन्सर आकडा क्लाउडवर पाठवणार, घरातली सिस्टम तो तिथून वाचणार आणि उकडायला लागलं की एसी आपोआप सुरू करणार.

"आणि रिमोट?" सासऱ्यांनी विचारलं.

"रिमोट विसरा, बाबा!"

जेवणाआधीच एसी बंद पडला. वीणा रिमोटने सुरू करी, सिस्टम दोन मिनिटांत बंद करी. बाहेर रणरणतं ऊन.

"खलास!" वीणा म्हणाली.

"पाच मिनिटांत चालू होईल, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला म्हणालास? म्हणजे आज होत नाही."

सासरे घाम पुसत स्क्रीन वाचत होते. "इथे तर बावीस दाखवतंय. मग हा घाम कोणाचा?"

तेवढ्यात आईचा फोन आला. "इकडे सारखा पाऊस रे. शाल पांघरून बसलेय. तुझं ते भिंतीवरचं यंत्रही बावीस दाखवतंय."

आई एकटी असते, तिची काळजी वाटते, म्हणून मागच्या सुट्टीत तिच्या हॉलमध्येही मी असाच सेन्सर लावला होता. दोन्हींना नाव दिलं होतं 'घर'. (इथे असलो की पुणं घर, पुण्यात असलो की सीब घर. आमचं हे असंच!) सिस्टमला जोडताना मी यादीतलं पहिलं 'घर' दाबलं होतं. दुरुस्त करायला गेलो, तर घाईत पासवर्ड तीनदा चुकला आणि ॲपने मलाच बाहेर काढलं.

"आई, ते यंत्र जरा तापव!"

"काय करू?"

"तापव! गॅसजवळ ने."

"पोळ्या करायच्याच आहेत. ओट्यावर ठेवते."

थोड्या वेळाने आमचा एसी सुरू झाला. सासऱ्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या!

पण पुण्यात तवा तापत गेला, तसा सीबमध्ये एसी चेकाळला. ओट्यावर चाळीस, आमच्या एसीवर सोळा. सासरे चादर गुंडाळून फोनवर ओरडले, "विहीणबाई, गॅस बारीक करा!"

"अहो, शेवटचीच पोळी आहे!" आई म्हणाली. मग जरा थांबून मला म्हणाली, "अरे, पण त्या सिस्टमचा प्लग काढता येत नाही का?"

"आई, टेक्निकल आहे ते, तुला नाही कळायचं," असं म्हणत मी वाकून हळूच प्लग काढला.

सासरे आता पुण्याला परतलेत. जावई काय करतो, हे त्यांना अखेर कळलंय. विचारेल त्याला सांगतात, "पोळ्यांवर एसी चालवतो."