दुमडीतली शिवण

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या माझ्या दवाखान्यात एका पेशंटला टाके कुठे येतील ते समजावत होते. फोन मावशीच्या थोरल्या जाऊबाईंचा, सुमनकाकूंचा. "कमल गेली गं... मशीनवर बसल्या बसल्या. काज करायली होती." लातूरला पोचेपर्यंत मला रडण्याआधी धास्तीच वाटत होती, आणि धास्ती कसली, तर मावशीच्या शेवटच्या आंघोळीची. का, ते आता सांगायला हरकत नाही. परवानगी खुद्द मावशीनंच देऊन ठेवली आहे.

कमलमावशी लातुरात लेडीज टेलर होती. पार औसा, शिरूर अनंतपाळहून बायका तिच्याकडे ब्लाऊज शिवायला यायच्या. दुसरीच्या अंगावर ब्लाऊज उठून दिसावा म्हणून जीव टाकणारी ही बाई स्वतः मात्र किडकिडीत. सुमनकाकू तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून 'फळी' म्हणायच्या, चारचौघींत, हसत हसत. मावशीही हसायची. मावशीचे यजमान गेले, तिची पन्नाशी उलटली, आणि एक दिवस ती नांदेडला येऊन थेट पेशंटच्या खुर्चीत बसली. "तू ते भरून देतीस म्हणं. मला कर. तीस वर्षं लोकायचे ब्लाऊज शिवले, एक माझ्या मनासारखा घालून बघू दे." मी प्लास्टिक सर्जन, रोज हेच बोलते, पण मावशीपुढे मी आधी उठून दाराला कडी घातली.

तपासण्या झाल्या, धोके सांगून झाले, तरी ती हटेना. खरी घासाघीस झाली ती छातीत सिलिकॉनची पिशवी बसवायला छेद कुठे घ्यायचा यावर. मी कागदावर चित्र काढून सांगितलं की काखेतून घेता येतो, म्हणजे छातीवर व्रण राहत नाही. मावशीनं चष्मा कपाळावर चढवला. "डॉक्टरीण झालीस, पर बायकांत बसली न्हाईस. मेल्यावर आंघोळ घालताना हात वर करतेत. थोरली काख बघितल्याबिगर सोडंल का?" लोक भुलीला घाबरतात, ही शेवटच्या आंघोळीला घाबरत होती! मग स्तनाग्राभोवतीच्या गडद कडेनं घेऊ? "ते काज हाय. काजाजवळ कात्री लावली की धागे सुटतेत." तिचं चुकत नव्हतं, तिथं दुधाच्या नळ्या असतात, संवेदना कमी होण्याची भीती असते... काही जण बेंबीतून रिकामी पिशवी वर सरकवतात आणि मग भरतात, असं म्हटल्यावर तर तिनं हातच जोडले. "मोरीच्या खिडकीतून कपाट नेतेत व्हय?" शेवटी उरली स्तनाखालची दुमड. मावशी खूश. "हां. शिवण दुमडीतच घालायची असती." ऑपरेशनच्या सकाळी मी खुणेचं पेन काढलं, तर हिनं पिशवीतून निळा खडू काढून उभ्या उभ्या स्वतःच रेघ मारली. मी मोजून पाहिली. सुताचाही फरक नव्हता. ती पुसून मी पेनानं तिथंच काढली. "आंघोळ हुईस्तोवर तोंड बंद," तिनं शपथ घातली, "मंग पेपरात छाप."

लातुरात परतल्यावर तिनं 'नवं कटिंग हाय' असं ठोकून दिलं. झालं! त्या कटिंगसाठी बायकांची रीघ लागली. सुमनकाकूंनीही चार ब्लाऊज शिवून घेतले आणि "तुझ्यावानी बसंना की" म्हणून दोनदा उसवायला लावले. मावशी मान खाली घालून उसवायची आणि मला फोनवर सांगताना हसून हसून तिला ठसका लागायचा. 'फळी' हा शब्द मात्र त्या घरातून गेला तो गेलाच.

तर ती आंघोळ. बायका जमल्या, पाणी तापलं, मी तांब्या धरून कोपऱ्यात उभी. सुमनकाकूंनी खरंच मावशीचा हात वर करून काख धुतली, अगदी निगुतीनं. मावशी, जिंकलीस, मी मनात म्हणाले. मग काकूंचा हात दुमडीखालून फिरला... आणि थांबला. काकूंनी झटकन मावशीच्या अंगावर टॉवेल ओढला. "सरा बाई समद्या. माझ्या जावंला मी घालते."

तेराव्याला मी निघताना काकूंनी मशीनच्या ड्रॉवरमधला निळा खडू माझ्या हातात ठेवला. "शिवण लई बारीक घातलीस गं," त्या हळूच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. "फळी म्हणायची मी तिला... लई वाईट वाटतंय. पर मला सांगायचं तरी. चार ब्लाऊज कशाला शिवून घेतले असते मी?" हसावं की रडावं कळेना. आम्ही दोघींनी दोन्ही केलं.

खडू आता माझ्या टेबलावर, पेनांच्या डब्यात असतो. नव्या पेशंटला छेदाच्या जागा समजावताना हात आधी त्याच्याकडेच जातो. आणि काखेचा पर्याय सांगण्याआधी मी न चुकता विचारते, घरात थोरली जाऊ आहे का?