मूळ गावाचा रकाना

आमचे काका बाइंडर. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून त्यांना एकच ध्यास लागला होता: पणजोबा मूळचे कुठले? त्यापायी त्यांनी सात कचेऱ्या पालथ्या घातल्या. जेवतानाही त्यांचा पाय हलत असायचा. काकू म्हणायची, "मेलेल्याला तरी सुखानं बसू द्या."

शेवटी एका जुन्या वहीत पणजोबांच्या मृत्यूची नोंद सापडली. नाव, वय, धंदा, सगळं होतं. कडेच्या रकान्यात मूळ गावाचं पहिलं अक्षर होतं, पुढचा कागदच कापलेला.

"कुठल्या गाढवानं कापलं हे?" काका कारकुनावर खेकसले. मग त्यांनी वहीच्या पाठीची शिवण बोटानं चाचपली आणि वही मिटून परत केली.

त्या कचेरीच्या वह्या वीस वर्षं तेच बांधत होते. वेडीवाकडी कड त्यांना कधी खपलीच नाही.