सरांचा साबणाचा थेंब

मोहितेसरांकडे मी संशोधनासाठी गेले, त्या दिवशी त्यांनी माझे गुण विचारले नाहीत. "घरी मराठीच ना? मग इथं इंग्लिश कशाला, सुम्ने, उगाच?" एवढं कानडीमिश्रित मराठीत बोलून त्यांनी वाळलेल्या पानांची पिशवी हातात दिली आणि मला खलबत्त्यापाशी बसवलं.

कर्करोगाच्या पेशींना वाढू देणारं एन्झाइम रोखणारा पदार्थ म्हैसूरच्या झाडपाल्यात शोधायचा, हा सरांचा आयुष्यभराचा ध्यास. तसं काही सापडलं की आम्ही म्हैसूरपाक आणायला धावायचो. सर मात्र नळीत साबणाचा थेंब टाकायला लावत. वनस्पतींतले काही पदार्थ गुठळ्या करून एन्झाइमला नुसते चिकटतात आणि औषध असल्याचा आव आणतात. साबणाने गुठळी फुटते, सोंग उतरतं. त्या थेंबाला आम्ही सगळे टरकून असायचो.

माझ्या पानाने एन्झाइम जवळजवळ बंद पाडलं, तेव्हा मी थेंबासाठी थांबलेच नाही. देवराज मोहल्ल्यातल्या माझ्या आत्याला कर्करोग झाला होता. तिला मी गुपचूप पानांची पूड नेऊन दिली. ती मिळताच आत्याने इस्पितळात जाणं बंद केलं.

दोन दिवसांनी थेंब टाकला आणि माझं औषध खोटं ठरलं. मी रडत सरांना सगळं सांगितलं. ते आता फाडून खाणार असं वाटलं; त्यांनी चपला घातल्या. "नडी, चल, आत्यांकडे जाऊ."

आत्या हटून बसली. "एवढ्या मोठ्या लॅबमधलं औषध, चांगलंच असणार, अल्वा? हो ना?"

सर तिच्यासमोर जमिनीवर बसले. "अक्का, त्या लॅबचा मोठा माणूस मीच. चूक माझी झाली, पोरीची नव्हे. आधी थेंब टाक म्हणून मी सांगितलंच नाही."

सर ते रोज सांगत. तरी मी ते खोटं तसंच चालू दिलं.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः आत्याला इस्पितळात घेऊन गेले. उपचार लांबले, पण ती बरी झाली. मला त्यांनी फसलेल्या पानावर प्रबंधाचं एक प्रकरण लिहायला लावलं आणि वाचून "परवागिल्ला", म्हणजे 'ठीक आहे', एवढंच म्हणाले. याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडून कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

सरांना पंचाहत्तर वर्षं होत आहेत आणि त्यांच्या गौरव अंकासाठी मी लिहितेय, हे परवा आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "देवमाणूस. तेव्हा एक चूक झाली त्यांची, ते मात्र लिहू नको हं."

आत्या, ती चूक माझी होती. इतकी वर्षं सरांनी ती आपल्या नावावर ठेवली. आज सगळ्यांसमोर मी ती परत घेते. सरांनी निर्धास्त मनाने, ठणठणीत प्रकृतीने शंभरी गाठावी.