तरतुदीतली म्हैस

गावच्या दूध संस्थेत चिटणीस म्हणून लागलो तेव्हा आपल्याला हिशेब येतो असा माझा समज होता. बी.कॉम. झालेला गावात मी एकटाच, त्यामुळं माझी चूक काढणारंही कुणी नव्हतं. तो समज पुढं एका म्हशीनं खोटा ठरवला. तिचं कोडं मला अजून सुटलेलं नाही.

संस्था सभासदांना म्हशीसाठी कर्ज द्यायची. वचनचिठ्ठीवर अंगठा उठवायचा, म्हैस दावणीला बांधायची आणि दुधाच्या पगारातून हप्ता कापून द्यायचा. सोपं काम होतं. मग दुष्काळ पडला. कडबा मिळंना, म्हशी आटल्या, दूध नाही म्हणून पगार नाही आणि पगार नाही म्हणून हप्ताही नाही.

त्या साली उस्मानाबादेहून लेखापरीक्षक आले. चहा पिता पिता त्यांनी वचनचिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढं ओढला.

"यातलं किती वसूल होईल?"

"सगळं होईल साहेब. आमची माणसं खोटी नाहीत."

"माणसांचं नाही विचारलं. पैशाचं विचारतोय."

ज्यांचे हप्ते थकले त्यांची यादी काढा, त्यातलं जेवढं बुडेल असं वाटतं तेवढी तरतूद करा, म्हणजे नफ्यातून तेवढी रक्कम बाजूला काढा, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, बाजूला काढून ठेवायची कुठं? ते म्हणाले, कुठंच नाही, कागदावर. आता पैसे काढायचे पण ठेवायचे कुठंच नाहीत, हे कॉलेजात पाठ करून मी पास झालो होतो. समजलं मात्र तेव्हाही नव्हतं. तरी मान डोलावली. साहेबापुढं अडाणी दिसायची मला लई लाज वाटायची.

यादीत आमच्या शेजारची आत्या आली. सख्खी नव्हे, पण लहानपणापासून मी तिला आत्याच म्हणायचो. नवरा वारलेला, घरात ती आणि म्हैस. म्हैस गाभण होती. ती व्याली की दूध सुरू होणार, दुधातून हप्ते फिटणार आणि वर आत्याचं पोटही चालणार. तोवर म्हैस जगवायची, एवढाच तिचा हिशेब. माझा हिशेब थकलेल्या हप्त्यांचा होता.

संचालकांची बैठक संस्थेच्या ओट्यावर व्हायची, तीही दूध घालायच्या वेळेला. तरतुदीची यादी मी तिथंच वाचून दाखवली. तिथं बोललेलं चूल पेटायच्या आत गावभर व्हायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या रिकामं पोतं घेऊन दारात हजर. चेहरा खुललेला.

"संस्थेनं माझ्या नावानं पैसे काढून ठिवलेत म्हणं. तू केलंस व्हय रे हे? त्यातून सरकी पेंड दे. म्हैस व्यायला आलीय."

मी कपाळाला हात लावला. आधी ताळेबंद सांगितला, मग नफा सांगितला, मग माझंच मला कळंना. शेवटी वैतागून तोंडातून निघालं, "आत्या, ते पैसे तुमच्यासाठी नाहीत. तुम्ही कर्ज बुडवाल, म्हणून काढलेत."

तिनं पोत्याची घडी घातली.

"म्या बुडवीन असं कोण म्हणलं?"

"कुणी नाही. नियम आहे तसा."

"मग त्या नियमानं मला इचारायचं न्हाय व्हय?"

मी म्हणालो, तुमच्याकडं कुणी मागत नाही, म्हैस व्याल्यावर बघू. ती निघून गेली. मला वाईट वाटलं आणि तिचा रागही आला. तिनं एवढं मनावर का घ्यावं? कागदावरची गोष्ट होती की हो ती.

पुढच्या बाजाराला तिनं म्हैस कळंबला नेली. दुष्काळात कोण भाव देतो? पण गाभण होती म्हणून गिऱ्हाईक मिळालं. तिनं सगळे पैसे माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "माझं नाव खोड. माझ्यासमोर खोड." तिला वाचता येत नव्हतं, पण मी मारलेली रेघ तिनं वाकून बघितली. तिला म्हशीविषयी विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या तपासणीला साहेब खूश झाले. म्हणाले, पैसे आले, मग तरतूद परत नफ्यात घ्या.

मी म्हणालो, "पण साहेब, तिची म्हैस गेली."

"म्हैस आपल्या ताळेबंदात कुठं होती?"

खरंच कुठंच नव्हती. मी सगळी पानं परत चाळली. बुडणार म्हणून लिहिलेले पैसे आले, म्हणजे माझा अंदाज चुकला. पण लिहिलेच नसते तर तिनं म्हैस विकली असती का? आणि म्हैस व्याली असती तरी पैसे आलेच असते की. मग बुडालं कुणाचं, आणि ते लिहायचं कोणत्या बाजूला? साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, तुम्ही फार विचार करता.

त्या साली नफा बरा दिसला, म्हणून वार्षिक सभेत सभासदांना दुधासाठी एकेक स्टीलची किटली वाटायची ठरली. वाटपाला मीच बसलो होतो. आत्या रांगेत उभी राहिली, अंगठा उठवला आणि किटली हातात घेऊन आत बघत राहिली.

"हिच्यात आता काय घालू, सांग."

म्हणालो, "राहू द्या आत्या. पुढं लागेल."

"व्हय बाबा," ती म्हणाली, "पुढचं तुला लई कळतंय."

आणि मागच्या माणसाला वाट देऊन ती बाजूला झाली.