कितवा जन्म

माझा नवरा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, तो पुढच्या जन्मी कोण होणार हे आमच्या घरात कळायचं होतं. त्यामुळे आदल्या संध्याकाळी वालूरच्या आमच्या घरात माणसं जरा जास्तच होती.

आमच्याकडे पद्धत आहे. माणसाचा जीव जिथे गेला तिथली जागा पुसून घ्यायची, तिथे ज्वारीचं पीठ चाळून पसरायचं, शेजारी दिवा लावायचा आणि पिठावर दुरडी पालथी घालायची. सकाळी राख सावडायला जाण्याआधी दुरडी उचलून बघायचं. पिठात पाखराचं पाऊल उमटलं असेल तर पाखराचा जन्म मिळाला, खूर असेल तर गुराचा, लेकराचं पाऊल असेल तर पुन्हा माणसाचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शास्त्र शिकवते. उंदीर, झुरळ आणि वारा मिळून पिठात काय काय काढू शकतात ते मला चांगलं माहीत आहे. तरी त्या दिवशी मी मध्ये बोलले नाही. बोलायलाही काहीतरी वाटावं लागतं, आणि मला काहीच वाटत नव्हतं.

तो पुढच्या खोलीत, खुर्चीत बसून चहा पिता पिता गेला. मी आत शाळेचा डबा भरत होते. कपबशी पडल्याचा आवाज आला तेव्हा मी आतूनच ओरडले, "फोडली का अजून एक?" डॉक्टर म्हणाले, हृदय. पन्नाशीही गाठली नव्हती. त्यानंतर घर माणसांनी भरलं, आणि मी भिंतीला टेकून बसले ती बसलेच. बायका गळ्यात पडून रडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. माझ्या डोळ्यांत टिपूस येईना. "हिला रडवा, न्हाई तर डोक्यावर परिणाम हुईल," असं कुणीतरी म्हणालं. मी मनात म्हटलं, रडवा. पण कुणाला जमलं नाही.

देवगाव फाट्यावर त्याचं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींची तार उकलून नवी भरायचं दुकान होतं. उन्हाळी भुईमुगाला पाणी द्यायचे दिवस होते, वीज कमी दाबाने यायची आणि मोटारी धडाधड जळायच्या. दुकानात दुरुस्तीची रांग लागलेली. भेटायला आलेल्या एका शेतकऱ्याने माझ्यापुढे हात जोडले, डोळे पुसले, उठताना जरा घुटमळला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, आमची मोटार उकलून ठिवली का भरून झाली, काही बोलले होते का?" बाकीचे त्याच्या अंगावर धावून गेले. मला मात्र त्या दिवसांत पटलेलं तेवढं एकच बोलणं होतं. बिचाऱ्याचं पीक वाळत होतं.

पीठ बघायचा मान आत्याबाईंचा. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. ऐन विशीत विधवा होऊन भावाकडे आल्या त्या कायमच्या. गावात कुणी गेलं की दुरडी उचलायला त्यांनाच बोलावणं. त्यांच्या हिशोबाने आमचं निम्मं गाव चिमण्या झालेलं आहे. एका खत्रूड सावकाराला त्यांनी गाईचा जन्म दिला होता, तेव्हा माझा नवरा म्हणाला होता, "आत्या, ती गाय दूध काढू देईल का गं?" मामंजी गेले तेव्हाही त्यांनी पिठात चिमणीचं पाऊल दाखवलं. नवऱ्याचा कशावर विश्वास नव्हता, पण दुसऱ्या दिवसापासून तो अंगणातल्या दगडावर मूठभर तांदूळ टाकायला लागला. एखादी चिमणी जास्तच हावरट निघाली की मला हाक मारायचा, "मास्तरीणबाई, बघा तुमचे सासरे. सवय गेली नाही." बाराएक वर्षं त्याने हे चालवलं.

त्यामुळे मी खरं काय ते सांगून टाकते. पिठावर माझा विश्वास नव्हता, आणि मला पिठात पाऊल हवं होतं. कसलंही. ज्याला सकाळी दाणे टाकता येतील असं काहीतरी.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बायका भाजी निवडत होत्या. मी मधल्या दारापाशी बसले आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं. एक म्हणाली, "मागल्या जन्मी कुनाचं तरी जोडपं तोडलं असन हिनं. त्याबिगर असं न्हाई होत." दुसरी म्हणाली, "लेकरू बी न्हाई दिलं देवानं. लय मोठं पाप असन." आम्हाला मूल झालं नाही, त्याचं कारणही मागच्या जन्मात शोधून झालेलं होतंच. मला राग आला नाही. मी खरंच विचार करायला लागले की कुणाचं जोडपं तोडलं असेल मी. वर्गात एखाद्या पोराचा कान धरायचा तर निदान तू काय केलंस ते सांगावं लागतं. इथे शिक्षा तेवढी पोचली होती आणि गुन्हा मला आठवत नव्हता.

मग चुलत सासऱ्यांनी मला समजावायला घेतलं. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, रोज पोथी वाचणारे, मनाने चांगले. म्हणाले, "हे बघ पोरी, कणगीत पिढ्यांचं धान्य साठलेलं असतं, ते संचित. त्यातलं या जन्माला खायला काढून दिलेलं, ते प्रारब्ध. अन् आज आपण जे पेरायलोत, ते क्रियमाण. खाल्लं तेवढं संपतं, पेरलं तेवढं पुन्हा कणगीत येतं. म्हणून माणूस येतच राहतो."

"अन् कणगी रिकामी झाली तर?" मी विचारलं. दोन दिवसांत मी विचारलेला तो पहिला प्रश्न असावा, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मंग यायचं काम न्हाई. सुटला. मुक्ती तीच."

उदाहरण चांगलं होतं, मुलांना लगेच कळलं असतं. मी मान हलवली.

पीठ पसरायची वेळ आली तेव्हा एका बाईने पुढे होऊन चाळणी घेतली. आत्याबाईंनी ती तिच्या हातातून काढून माझ्या हातात दिली. "तिचाच हात लागू द्या. तिचा मानूस हाय," त्या म्हणाल्या. मी खुर्ची बाजूला सरकवली. फरशीच्या फटीत कपाचा एक बारीक कपचा राहिला होता, तो उचलून घेतला. मग पीठ चाळलं, पातळ आणि सारखं. कुठे जाड नको, कुठे विरळ नको. पीठ चाळताना मला दर ज्येष्ठातलं आमचं भांडण आठवत होतं.

वटपौर्णिमेला मी वडाला सूत गुंडाळून यायचे. शास्त्राची बाई असूनही जायचे, कारण सगळ्या जायच्या, आणि खरं म्हणजे मला ते आवडायचं. हाच नवरा सात जन्म मिळो. तो संध्याकाळी दुकानातून यायचा, हातांना मोटारीच्या वॉर्निशचा वास, आणि दारातच विचारायचा, "सात जन्म मागितलेस. हा कितवा?"

"मला काय ठाऊक."

"मोजल्याबिगर गुंडाळायलीस? मला वाटतंय हा सातवा. आता पुढल्या खेपेला मला सुट्टी."

"सुट्टी न्हाई. पहिलाच हाय हा. अजून साहा काढायचेत."

"कशावरून पहिला?"

"तुम्हाला अजून काहीच येत न्हाई, त्यावरून."

एका वर्षी तो गंभीर चेहरा करून म्हणाला, "आमच्या धंद्यात लय कडक नियम हाय बघ. तार भरताना वेढ्यांचा आकडा चुकला तर अंदाजानं पुढं जायचं न्हाई. सगळी तार उकलायची अन् पुन्हा पहिल्यापासून. न्हाई तर मोटार जळती." मग हसून म्हणाला, "पण माझा आकडा पक्का हाय. सातवाच." चारचौघांत मी त्याला अहो म्हणायचे, मनात कायम अरे. त्या दिवशी मनातलं तोंडावर आलं. "गप रे," म्हणाले आणि ताट वाढलं.

सकाळी सगळे पुढच्या खोलीत जमले. दिव्यात तेल कमी झालं होतं, पण तो जळत होता. आत्याबाई खाली बसल्या, नमस्कार केला आणि त्यांनी दुरडी उचलली. चुलत सासरे चष्मा सावरून त्यांच्या खांद्यावरून वाकले.

पिठावर काही नव्हतं. मी चाळलं होतं तसंच होतं. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

आत्याबाई बराच वेळ बघत राहिल्या. त्या तोंड उघडणार एवढ्यात चुलत सासऱ्यांनी हात जोडले. "कोरं हाय," ते म्हणाले. "अरे, पोरगा सुटला. फेरा चुकला त्याचा. मुक्ती मिळाली!"

घरात एकदम चैतन्य आलं. माणसं वाकून पिठाला नमस्कार करायला लागली. भाजी निवडताना माझं पाप मोजणारी बाई माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "लय पुण्यवान गं तू. अशा मानसाचा संसार केलास." रात्रीत माझं खातं पापातून पुण्यात वळतं झालं. मी पिठाकडे बघत होते. पाखरू नाही, गुरंढोर नाही, माणूस नाही. कुठेच नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे सातवाच होता की."

मी हसले. मोठ्याने हसले. बायकांनी मला धरून आत नेलं.

पुरुष माणसं राख सावडायला नदीवर गेली. घर शांत झाल्यावर आत्याबाई माझ्यापाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "साठ वर्षं झाली दुरडी उचलायलेय. कोरं बी लय येळा निघतंय. म्या सांगत न्हाई. घरच्यांच्या तोंडाकडं बघती अन् सांगती काहीबाही. चिमनी सांगितली की लोकं दाने टाकतात, बरं वाटतंय त्यायला. आज तुज्या काकांनी आधी बघितलं, म्हनून माजा इलाज चालला न्हाई." मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अजून झाडलं न्हाई पीठ. मी म्हनते, नीट बघितलं, कडंला चिमनीचं पाऊल हाय. म्हनू का?"

मामंजींची चिमणी, बारा वर्षांचे तांदूळ, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आत्याबाईंचा रागही आला नाही.

"नका म्हणू," मी म्हणाले. "मला चिमणी नको. मला तोच पायजे."

"ते माज्या हातात न्हाई गं बाई," आत्याबाई म्हणाल्या.

पीठ मी स्वतः सुपलीत भरलं. नंतरचे महिने मी शाळेत गेले, पेपर तपासले, दुकानातल्या मोटारी ज्याच्या त्याला पोचत्या केल्या. त्या शेतकऱ्याची भरून झालेली होती, फक्त झाकण लावायचं राहिलं होतं. जेवत होते, झोपत होते. अंगणातल्या दगडावर तांदूळ मात्र टाकले नाहीत. कुणासाठी टाकायचे? आपल्याला दुःख झालंय हे मला कळत होतं, पण ते शेजारच्या घरात झाल्यासारखं.

वटपौर्णिमेच्या सकाळी आत्याबाई लुगड्याच्या ओच्यात सुताचा गुंडा घेऊन आल्या. म्हणाल्या, "चल. बायका यायच्या आत जाऊन येऊ." मी म्हटलं, "आत्याबाई, आता मी कशी जाऊ? लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या, "जे मागायचं ते गेल्या मानसाकडंच मागायचं असतंय. जित्याकडं मागायला वड कशाला लागतोय? इचारलं कुनी तर सांग, म्हातारीनं नेलं."

शाळेमागच्या वडाखाली कुणीच नव्हतं. आत्याबाई पारावर टेकल्या. मी सुताचं टोक खोडाला धरलं आणि फेरे घालायला लागले. एक. दोन. तिसऱ्या फेऱ्याला सूत धरलेला हात नाकाजवळ गेला आणि मला वाटलं वॉर्निशचा वास येईल. आला नाही. नुसत्या सुताचा वास होता. तिथून पुढे मला खोड दिसेना. डोळ्यांतून धारा लागल्या, हुंदका आवरेना, आणि तरी मी चालत राहिले, सूत सुटत राहिलं. आत्याबाई उठल्या नाहीत. त्यांनी मला रडू दिलं.

गुंडा जवळजवळ संपला तेव्हा त्यांनी विचारलं, "झाले का सात?"

"माहीत न्हाई. आकडा चुकला."

"असू दे. झालेच असतील. चल आता."

"न्हाई आत्याबाई, अंदाजानं न्हाई चालत," मी म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागतंय." आणि मी सूत उकलायला लागले.