अवकाश म्हणजे आभाळच

आमच्या गंगाखेडानं एकदा आभाळाचा कारखाना काढला होता. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती एकमेकांकडं बघून हसतात. त्यांना वाटतं, मास्तरला म्हातारचळ लागला. मला काही चळ लागलेला नाही. त्या कारखान्याचा चिटणीस मीच होतो आणि सभांची वही माझ्याच अक्षरात होती. शहाण्यांचा मूर्खपणा जवळून बघायची मला तेव्हा फार हौस. त्या हौसेपायी एका भल्या माणसाचा हातचा हुन्नर गेला, म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं सगळ्यांचं शिक्षण उर्दूत झालेलं. घरात मराठी आणि कचेरीत उर्दू, अशी सरळ वाटणी होती. निजामाचं राज्य गेलं, पुढं काही वर्षांनी आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि कचेरीत मराठी आली. पण ती आमची मराठी नव्हे. ती बंद गळ्याचा कोट घालून आलेली. मुआयना होता त्याचं निरीक्षण झालं, दरखास्तीचं आवेदन झालं. गावच्या पुढाऱ्यांना हे शब्द कळत नसत, आणि कळत नाहीत हे कबूल करायची लाज वाटे. मग कागद आला की मास्तरला बोलावणं यायचं.

बोलावणारे म्हणजे आमचे मालक. सरकीचं गोदाम, गिरणी, दीडशे एकर जमीन. निजामाच्या काळात हेच सुभेदाराच्या घोड्यापुढं सलाम ठोकत चालायचे. राज्य बदललं त्या आठवड्यात त्यांची टोपी बदलली, मान मात्र तशीच वाकत राहिली, फक्त दुसऱ्या दिशेला. शाळेच्या कमिटीवर मालक, देवळाच्या कमिटीवर मालक. ज्या कमिटीवर ते अध्यक्ष नाहीत अशी गावात एकच होती, स्मशानाची. तिथले हार भलत्याच्या गळ्यात पडतात म्हणून त्यांना त्यात गोडी नव्हती.

एक दिवस जिल्ह्याहून पत्रक आलं. मालकांच्या ओसरीवर मी ते मोठ्यानं वाचलं. शेतकरी कुटुंबांसाठी अवकाशकालीन उद्योगांचे केंद्र सहकारी तत्त्वावर सुरू करावयाचे असून इच्छुक मंडळांनी नोंदणी करावी, असा त्यातला मजकूर.

"आवकाश म्हंजी?" मालकांनी विचारलं.

ओसरीवर आमचे वकील बसलेले होते. या गृहस्थांनी नुकताच एक शब्दकोश विकत घेतला होता आणि तो ते काखोटीला मारून बाजारात जात. त्यांनी पान काढलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अवकाश म्हणजे आकाश. पोकळी."

मालकांनी मांडीवर थाप मारली. त्याच दिवसांत रशियानं आभाळात यंत्राचा चांद सोडला होता. गावातला एकमेव रेडिओ मालकांच्याच घरी, आणि त्यामुळं तो चांद आपल्याच खात्यात जमा आहे असं त्यांना वाटायचं. "तरीच म्हणलं!" ते ओरडले. "रशियानं चांद सोडला आन् आपलं सरकार गप बसतंय व्हय? जिल्ह्याजिल्ह्यात आबाळाचे कारखाने काढायलंय ते! आपून मागं ऱ्हायचं न्हाई."

"आणि कालीन?" मी विचारलं.

"काळ आलाय आभाळाचा," वकील म्हणाले. पुढच्या अर्थाकडं त्यांनी बघितलंच नाही. कोशात तो खालच्याच ओळीत असणार.

आता गंमत ही की हा शब्द आमच्या प्रत्येक घरात रोज बोलला जायचा. माझी आई चुलीपुढून म्हणायची, "भाकरीला आवकाश हाय, बस जरा." मालकांची बायकोही तेच म्हणत असणार. अवकाश म्हणजे सवड, फुरसत. शेतीच्या कामातून सवड मिळेल तेव्हा करायचे उद्योग, सूत काता, दोर वळा, टोपल्या विणा, एवढाच त्या पत्रकाचा अर्थ. पण घरातला शब्द छापून आला की या लोकांना ओळखू येत नसे.

मला अर्थ ठाऊक होता. मी बोललो नाही. दोनच महिन्यांपूर्वी शाळेच्या जलशात मालकांची एक चूक मी दुरुस्त केली होती, तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, "मास्तर, तुमी पोराला शिकवा. आमाला नका शिकवू." बरं, नाही शिकवत, असं मी मनाशी म्हटलं होतं. होऊ दे यांची फजिती. गाढवापुढं गीता कशाला वाचायची?

आठ दिवसांत 'आकाश उद्योग सहकारी मंडळ' उभं राहिलं. मालक अध्यक्ष, वकील उपाध्यक्ष, मी चिटणीस. पाच सभा झाल्या. त्यातल्या तीन पाटीवर कुणाचं नाव वर लिहायचं यावर. आभाळात काय सोडायचं आणि ते सोडणार कोण, हा प्रश्न चौथ्या सभेत निघाला.

त्याचं उत्तर गावात एकच होतं, चाचा. चाचा आतषबाज. लग्नात, उरुसात, जत्रेत याच्या हवाया उडायच्या. हवाई म्हणजे कागदी नळीत दारू ठासून, मागं बांबूची काडी बांधून आभाळात सोडायचा बाण. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं या धंद्यानंच घेतली होती, तरी त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती परवान्याची. राज्य बदललं तेव्हा दारू बाळगायचा त्याचा जुना कागद बाद झाला आणि नवा काही मिळाला नाही. त्या दिवसापासून तो पतंग आणि कागदाची झुंबरं करून पोट भरत होता. खलबत्ता, चाळण, लाकडी दस्ता, सगळं त्यानं फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगून ठेवलेलं.

"परवाना मिलेगा क्या, मालिक?" एवढंच त्यानं विचारलं.

"मंडळाच्या नावानं येतोय की! तवर लागा कामाला. सरकारचाच कागद हाय," मालक म्हणाले.

चाचा माझ्याकडं वळला. "मास्तरसाब, कागज में लिखा है ना?"

"उद्योग सुरू करा असं लिहिलंय, चाचा," मी म्हणालो. शब्दाला शब्द खरं होतं ते.

त्यानं आढ्यावरचं गाठोडं सोडलं. तुराट्या जाळून कोळसा केला, तो बारीक कुटला, बायकोच्या जुन्या लुगड्यातून गाळला. मी तासन्‌तास त्याच्या अंगणात बसायचो. आठ बोटांचा तो म्हातारा चिमटीत भुकटी घेऊन नुसती चोळायचा आणि अजून कुटायची की नाही हे सांगायचा. मालकांच्या ओसरीवर जन्मात झालं नसेल एवढं काम त्या अंगणात एका सकाळी व्हायचं. बाकीच्यांचा मला तिटकारा होता, चाचाचा नव्हता. हे लिहून काही उपयोग नाही, पण लिहितो.

मग मंडळाला सहकार सुचला. कागदी नळी मालकांना हलक्या दर्जाची वाटली. रशियाचं काय कागदाचं होतं? टिनकाम करणाऱ्याकडून पत्र्याचा बाण झाला, माणसाच्या कमरेएवढा उंच. सुताराला वाईट वाटू नये म्हणून त्याला सागवानी पाय लावले. वकिलांनी वर झेंडा सुचवला, लोखंडी काठीचा. शेवटी मालकांनी पितळी पाटी ठोकली, तिच्यावर अध्यक्षांचं नाव. ज्यानं त्यानं आपापलं वजन घातलं.

चाचानं तो बाण हातानं उचलायचा प्रयत्न केला आणि खाली ठेवला. "ये नै उडता, मालिक. हवाई कू हलका होना."

"तुमी नुस्ती दारू भरा," मालक म्हणाले.

उद्योगखात्याचे साहेब आले ते दुपारी, कारण त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. आतषबाजी भर उन्हात दाखवणारं आमचं गाव बहुधा पहिलंच. गोदावरीच्या वाळूत मांडव घातला होता. सोबत फौजदार होते. साहेबांनी हार घातले जाईपर्यंत धीर धरला, मग इकडंतिकडं बघून विचारलं, "चरखे कुठे आहेत?"

"चरखे न्हाईत सायेब, बाण हाय," मालक म्हणाले आणि त्यांनी इशारा केला.

पत्र्याचा बाण फुसफुसला, सागवानी पायांवर दोन पावलं सरकला, आणि पितळी पाटीसकट तोंडावर पडून वाळूत धूर ओकत राहिला. लोक हसले. मीही हसलो. इतका मोकळा मी त्याआधी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो.

चाचाला मात्र ते सोसलं नाही. त्यानं स्वतःसाठी केलेली एक कागदी हवाई पिशवीतून काढली, वाळूत रोवली आणि बत्ती दिली. ती सूं करून गेली. इतकी सरळ, इतकी वर, की हसणं थांबलं. उन्हात रंग दिसला नाही, नुसती धुराची बारीक रेघ राहिली. "रात कू हरा दिखता साब," चाचा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

"दारू कोणाची?" साहेबांनी विचारलं. "परवाना कोणाकडे आहे?"

मालक दोन पावलं मागं सरले. "चाचाचं काम हाय ते. आमी निस्तं बघायला आलो."

वकील कोश घेऊन आधीच मांडवाच्या मागं गेले होते. साहेबांनी पत्रक मागून घेतलं, वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, अवकाश म्हणजे फुरसत! फावल्या वेळचे उद्योग! कोणी वाचलं हे तुम्हाला?"

"मास्तरनं," मालक म्हणाले.

"जसं छापलंय तसंच वाचलं," मी म्हणालो. हे मी घरून ठरवून आलो होतो. या एका वाक्यासाठी तर एवढे दिवस दम धरला होता. मालकांचं तोंड बघायचं होतं मला. ते बघत असताना पलीकडं फौजदार चाचाचा खलबत्ता उचलत होते.

चाचावर खटला झाला. शिक्षा मोठी झाली नाही, पण बिनपरवाना दारू केल्याचा शेरा त्याच्या नावापुढं बसला, आणि परवान्याचा दरवाजा कायमचा बंद झाला. मालकांना काही झालं नाही. असल्यांना कधी होत नाही. पाटी रंगवून मंडळाचं नाव बदललं, केकताडाचे, म्हणजे घायपाताच्या वाखाचे, दोर वळायची शेड निघाली, मालकांनी हार घालून घेतले, आणि सवडीचे उद्योग हा विषय आपल्यालाच सुचला असं ते भाषणात सांगू लागले. दोर वळायला ठेवला चाचाला. मी चिटणीस राहिलोच.

एकदा सभेची वही घेऊन शेडमध्ये गेलो होतो. चाचा एकटाच पीळ घालत बसला होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "मास्तरसाब, उस लफ्ज का मतलब तुमकू मालूम नै था ना?"

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मालूम रहता तो तुम बोल देते."

"होय चाचा," मी म्हणालो.

त्यानं दोराचं टोक माझ्या हातात दिलं. पीळ बसायला पलीकडून कुणीतरी ताणून धरावं लागतं. जरा वेळानं हात भरून आला, तेव्हा मी विचारलं, "झालं का? जाऊ का मी?"

चाचानं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं बघितलं. आणि माझ्या आईसारख्या साध्या मराठीत म्हणाला, "थांबा मास्तर. आवकाश हाय अजून."