भिलाईच्या डोंगरेंना गाठायला

दिल्लीहून निघाले तेव्हा सामान फारसं नव्हतं. दोन साड्या, स्वेटर आणि पुठ्ठ्यांमध्ये जपून बांधलेल्या एका माणसाच्या मेंदूच्या फिल्म्स. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. दिल्लीत स्मरणशक्तीवर संशोधन करणाऱ्या एका गटात मी काम करत होते. फोन नंबर ऐकल्यापासून फिरवेपर्यंत आपण तो डोक्यात धरून ठेवतो. ही कामापुरती स्मृती मेंदूच्या कोणत्या भागात चालते, हे आम्ही एमआरआय यंत्रातून पाहत होतो. धडधाकट माणसं यंत्रात पडून आकडे आठवत आणि आम्ही त्यांच्या मेंदूची चित्रं घेत असू.

मनोहर डोंगरे त्यांच्यातलेच एक. भिलाईच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचे. दिल्लीला मेहुण्याकडे आले असताना हौसेने आमच्याकडे आले होते. ते परत गेल्यावर आमच्या गटातल्या डॉक्टरांना त्यांच्या चित्रांत उजव्या कपाळामागे गाठ दिसली.

मी त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन करून त्यांना बोलावून घेतलं आणि म्हटलं, "एक तपासणी राहिली आहे, लगेच या." ते हसले. "पोरीचा साखरपुडा झाला का येतो, मॅडम." दुसऱ्याच्या घरात रिसीव्हर धरून उभ्या असलेल्या माणसाला गाठीची बातमी कशी सांगायची? डॉक्टर म्हणाले, अशा गाठीमुळे कधीही फिटचा झटका येऊ शकतो. आणि हा माणूस वितळलेल्या लोखंडाची बादली उचलून लोकांच्या डोक्यावरून नेतो. म्हणून मी स्वतःच निघाले.

नागपूरनंतर डब्यातली बोली बदलली. समोरच्या बाईंनी डब्यातला वडा-भात पुढे केला. "कुठी जाऊन राहिल्या?"

"भिलाईला."

"पाहुणे हायत का तिथं?"

मी हो म्हटलं. डोंगरगडच्या टेकड्या गेल्या, कापणी झालेली धानाची शेतं लागली, आणि मग क्षितिजावर कारखान्याची धुराडी दिसू लागली. ती जवळ येत गेली तशी माझी भूक मेली.

भिलाईच्या पावर हाउस स्टेशनवर उतरून ऑटो केली. सेक्टर १० मधली कारखान्याची क्वार्टर्स एकासारखी एक. ऑटोवाल्याने मला चुकीच्या गल्लीत सोडलं आणि मी पिशवी सांभाळत दोन अनोळखी दारं वाजवली. तिसरं दार डोंगरेंच्या बायकोने, कुसुमताईंनी उघडलं. मी दिल्लीहून आल्याचं सांगून डोंगरेंबद्दल विचारलं.

"ते तर अहिवाऱ्याले गेले. बहिणीले साखरपुड्याचं बोलावणं करायले."

"कशाने गेले?"

"स्कूटरनं. आज सुट्टी हाय ना. उद्या फर्स्ट शिफ्ट." त्यांनी पोह्यांची बशी पुढे ठेवली. मी घास घेतला नाही, हे त्यांनी पाहिलं. "तुमी कावून आल्या, ते सांगा."

"आधी त्यांनाच सांगायला हवं."

त्यांनी बशी बाजूला सारली. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "परवा बोलता बोलता थांबले. हातातला कप पडला. मी आवाज देऊन राहिली, त्यायले ऐकूच नाई गेलं. मंग म्हणाले, झोप नाई झाली."

म्हणजे झटके सुरू झाले होते, आणि ते स्कूटरवर होते. मी उठले. कुसुमताईंनी शेजाऱ्यांना हाक मारली; त्यांनी काही न विचारता जीप काढली.

अहिवाऱ्याच्या रस्त्यावर चुनखडीचे ट्रक एकामागून एक येत होते. कडेची झाडं पांढरी झालेली, समोरचं धड दिसत नव्हतं. एका वळणावर माणसं जमली होती आणि एक स्कूटर आडवी पडली होती. जीप थांबायच्या आधीच कुसुमताईंनी खाली उडी मारली. कुणी परका तरुण होता, गुडघा फुटलेला. त्या परत येऊन बसल्या.

डोंगरे बहिणीच्या ओसरीवर फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळ्या) खात बसले होते. मला पाहून ते उभे राहिले. मी त्यांना मागच्या कडुनिंबाखाली नेलं, फिल्म आकाशासमोर धरली आणि गाठ दाखवली.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "मी आकडे चुकलो काय तिथं?"

"नाही. तुमची उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर होती."

"मंग मले काई नाई झालं." आवाज चढला. "साखरपुड्याच्या तोंडावर येऊन भेव दाखवून राहिल्या तुमी." ते तडक स्कूटरकडे गेले. कुसुमताई चाकापुढे उभ्या राहिल्या. डोंगरेंनी स्कूटर मागे घेतली, दुसरीकडून वळवू लागले.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी विचारलं, "उद्या तुम्ही क्रेनवर असताना परवासारखं झालं, तर खाली कोण असेल?"

त्यांचा हात थांबला. ते म्हणाले, "गंगाराम असते." आणि मग, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "तीन पोरं हायत त्याले." किल्ली त्यांनी जीपवाल्या शेजाऱ्यांच्या हातात दिली आणि ओसरीच्या पायरीवर बसले. कुसुमताई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

ते कामावर गेले नाहीत. मात्र साखरपुडा झाल्याशिवाय हलणार नाही म्हणाले. व्याही समजूतदार निघाले, तारीख अलीकडे आणायला तयार झाले. दुसऱ्या दिवशी घरातच चार माणसांत अंगठ्या घातल्या गेल्या. मुलगी वडिलांना वाकून नमस्कार करताना रडत हिंदीत म्हणाली, "पापा, जल्दी आना." पेढा तिला भरवायचा की जावयाला, हे त्यांना क्षणभर सुचेना. कुसुमताईंनी त्यांचा हात धरून मुलीच्या तोंडाशी नेला.

दुपारच्या गाडीने आम्ही तिघं निघालो. नागपूरच्या अलीकडे डोंगरेंचा डावा हात थरथरू लागला, मग सगळं अंग. मी त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वेटर सारला आणि माणसांना बाजूला केलं. कुसुमताई त्यांच्या पाठीवर हात ठेवून होत्या. झटका ओसरला. डोळे उघडून ते म्हणाले, "गाडी कोण चालवून राहिलं?"

"डायव्हर चालवून राहिला," कुसुमताई म्हणाल्या. "तुमी पडून राहा."

दिल्लीत ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पुढे पसरणारी नव्हती. डोंगरे मुलीच्या लग्नाला उभे राहिले. क्रेन मात्र सुटली. त्यांना कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम मिळालं, आणि ते त्यांना कधीच आवडलं नाही.

आमच्या संशोधनात त्यांची चित्रं धरली गेली नाहीत. अभ्यास निरोगी माणसांचा होता, नियम तसाच असतो. तोवर मीसुद्धा यंत्रात येणाऱ्या माणसाकडे कपाळामागे उजळणारे दोन-चार ठिपके म्हणूनच पाहत होते. भिलाईहून परतल्यावर पुढचा माणूस तपासणीसाठी आला. त्याला आकडे समजावून सांगण्याआधी मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं?"